लिनक्सवर जाण्याआधी ड्राइव्हची आखणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे अडत दुकान आहे. दुकानातल्या संगणकात २४० जीबीची एसएसडी (चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) असून तिच्यावर विंडोज १० आहे, तोच सी ड्राइव्ह. जोडीला १ टीबीची हार्ड डिस्क आहे, तिचे डी आणि ई असे दोन भाग केलेले आहेत, आणि ५०० जीबीची एक बाहेरची डिस्क बॅकअपसाठी आहे. प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीचा असल्यामुळे विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चढत नाही, आणि विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम घ्यायचे ठरले आहे. सी ड्राइव्हवर लिनक्स टाकले तर डी आणि ई चे काय होईल, आणि टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमसाठी विंडोजही ठेवायचे झाल्यास कोणती डिस्क कोणाला द्यावी, अशी विचारणा आहे.

मी बरीच वर्षे सांगली-मिरजेतल्या दुकानांचे, दवाखान्यांचे आणि छापखान्यांचे संगणक सांभाळत आलो आहे. अशा कामात मी सुरुवात नेहमी डेटापासून करतो. लिनक्स असो वा विंडोज, सिस्टिम तासाभरात पुन्हा चढवता येते. दहा वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या पट्ट्या, सौद्याच्या नोंदी आणि घरातले फोटो एकदा गेले की गेले. त्यामुळे ‘लिनक्स कुठे टाकू’ हे ठरवण्याआधी ‘कोणत्या डिस्कला मी अजिबात हात लावणार नाही’ हे ठरवावे. हे एकदा नक्की झाले की उरलेली आखणी पुष्कळ सोपी होते.

सी, डी, ई ही अक्षरे विंडोजने दिलेली नावे आहेत, ती डिस्कवर कोरलेली नसतात. लिनक्समध्ये ती दिसत नाहीत. तिथे सगळी फोल्डरे एकाच मुळापासून सुरू होतात आणि प्रत्येक डिस्क त्यातल्या एखाद्या फोल्डरला जोडली जाते, यालाच माउंट करणे म्हणतात. वाड्याचा दिंडीदरवाजा एकच असावा आणि आत गेल्यावर माजघर, कोठार, ओसरी अशा वेगवेगळ्या जागा लागाव्यात, तशी ही रचना आहे. कोठार प्रत्यक्षात दुसऱ्या डिस्कवर असले तरी वाट तीच राहते. तुमच्या डी आणि ई मधला डेटा लिनक्स टाकल्यामुळे आपोआप पुसला जात नाही, तो फक्त वेगळ्या नावाने दिसतो. पुसला जातो तो इन्स्टॉल करताना चुकीची डिस्क निवडल्यामुळे.

अशी चूक माझ्या हातून एकदा झाली आहे. एका ग्राहकाच्या संगणकात एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या दोन डिस्क होत्या. लिनक्स त्यांना एसडीए आणि एसडीबी अशी नावे देते, परंतु ही नावे कायमची नसतात आणि संगणक पुन्हा सुरू झाल्यावर त्यांची अदलाबदल होऊ शकते. आदल्या संध्याकाळी मी जी नावे कागदावर लिहून घेतली होती, ती दुसऱ्या दिवशी उलटी झालेली होती. मी फॉरमॅट केले ते डेटाच्या डिस्कला. बॅकअप होता म्हणून निभावले, पण मधल्या अकरा दिवसांच्या नोंदी कागदी पावत्यांवरून पुन्हा भराव्या लागल्या. तेव्हापासून मी डिस्क बाहेर काढून तिच्या स्टिकरवरचा अनुक्रमांक वहीत लिहितो, तोच क्रमांक पडद्यावर दिसतो का ते ताडून पाहतो आणि ज्या डिस्कला हात लावायचा नाही तिची साटा केबल (डिस्क संगणकाला जोडणारी वायर) काम संपेपर्यंत काढून ठेवतो. डेस्कटॉपमध्ये याला दोन मिनिटे लागतात. जी डिस्क जोडलेलीच नाही ती चुकून पुसली जाऊ शकत नाही. याचा आणखी एक फायदा आहे. काही इन्स्टॉलर लिनक्स दुसऱ्या डिस्कवर टाकायला सांगितले तरी बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, मात्र पहिल्या डिस्कवरच्या ईएफआय पार्टिशनमध्ये (त्यासाठी राखलेल्या भागात) नेऊन ठेवतात, मग जुनी डिस्क काढल्यावर नवे लिनक्सही सुरू होत नाही. केबल काढलेली असली की हा गुंता उद्‌भवत नाही.

क्षमतेवरून डिस्क ओळखताना आकड्यांत फरक दिसेल, त्याने गोंधळू नये. तुमची १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते आणि लिनक्स मिंटच्या ‘डिस्क्स’ या प्रोग्रॅममध्ये १.० टीबी दिसते. बाइट तेवढेच असतात. एकाचे मोजमाप १०२४ च्या पटीत आहे आणि दुसऱ्याचे १००० च्या, एवढाच फरक आहे.

आता प्रत्यक्ष सल्ला. २४० जीबीच्या एसएसडीवर विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी बसवण्याच्या भानगडीत पडू नका. ५०० जीबीची एक नवी साटा एसएसडी घ्या, लिनक्स संपूर्णपणे तिच्यावर टाका आणि जुनी विंडोजची एसएसडी जशीच्या तशी राहू द्या. एकाच एसएसडीवर दोन्ही ठेवण्याचा खर्च कमी असतो हे खरे, पण अपडेटनंतर बूटचा क्रम बिघडणे, पार्टिशन लहान करताना विंडोजच्या न हलणाऱ्या फाइली आड येणे आणि दोन्हीकडे जागा अपुरी पडणे हे सगळे मी वारंवार पाहिले आहे. जुनी एसएसडी वेगळी राहिली तर तुमच्याकडे परतीचा पूर्ण रस्ता शिल्लक राहतो, आणि व्यवसायाच्या संगणकासाठी नव्या एसएसडीची किंमत त्या मानाने किरकोळ आहे.

विंडोज चालू आहे तोवर तिथूनच उरकायची काही कामे आहेत. पहिले म्हणजे फास्ट स्टार्टअप बंद करणे. ते चालू असते तेव्हा शट डाउन केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते, आणि डी-ई वरची एनटीएफएस फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची विंडोजची पद्धत) उघड्या अवस्थेत राहते. लिनक्स अशी डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडते किंवा उघडतच नाही, आणि लोकांना वाटते की डिस्क खराब झाली. दुसरे काम बिटलॉकरचे, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीचे. ते चालू असल्यास रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि डेटाच्या भागांवरून ते काढून टाका. तिसरे काम वनड्राइव्हचे, आणि याकडे सर्वांत कमी लोकांचे लक्ष जाते. वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ज्या फाइलींवर ढगाचे चिन्ह दिसते त्यांचे फक्त नाव डिस्कवर असते, मजकूर इंटरनेटवर असतो. डिस्क लिनक्सला जोडल्यावर त्या उघडणार नाहीत. फोल्डरवर उजवी क्लिक करून त्या कायम या संगणकावर ठेवण्याचा पर्याय निवडा आणि सगळ्या उतरेपर्यंत थांबा. चौथे, बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) साटा डिस्क जोडण्याची पद्धत आरएआयडी किंवा इंटेल आरएसटी अशी असेल तर लिनक्सच्या इन्स्टॉलरला बऱ्याचदा डिस्क दिसत नाही, ती पद्धत एएचसीआय असावी. तो बदल विंडोजला आधी सेफ मोडमध्ये सुरू होण्यास सांगून मगच करावा, नाहीतर विंडोज निळ्या पडद्यावर अडकते.

‘माझा सगळा डेटा डी आणि ई वर आहे’ असे जवळजवळ प्रत्येक जण सांगतो, आणि तपासल्यावर सी वर काही ना काही निघतेच. डेस्कटॉपवरचे फोल्डर, डाउनलोड्समध्ये पडलेल्या पीडीएफ, आउटलुकची मेलची फाइल, ब्राउझरमधले पासवर्ड. टॅलीचा डेटा नेमका कोणत्या फोल्डरमध्ये आहे तो मार्ग टॅलीमध्येच दिसतो. तिथून पाहून लिहून घ्या, आठवणीवर विसंबू नका. मराठीत पत्रे आणि बिलबुके छापणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. जुन्या काळचे युनिकोड नसलेले मराठी फाँट विंडोजच्या फाँट फोल्डरमध्ये असतात. ते सोबत घेतले नाहीत तर जुनी पत्रे उघडतील, पण मजकुराच्या जागी निरर्थक रोमन चिन्हे दिसतील.

नव्या एसएसडीवर काय करावे? सगळी रचना जीपीटी या डिस्कचे भाग नोंदवण्याच्या नव्या पद्धतीने आणि यूईएफआय या संगणक सुरू करण्याच्या नव्या पद्धतीत चालणारी ठेवा. ५१२ एमबीचे ईएफआय पार्टिशन, सिस्टिमसाठी मूळ पार्टिशन १०० जीबी आणि उरलेले ‘होम’, म्हणजे तुमच्या स्वतःच्या फाइली आणि सेटिंग यांची जागा. मूळ पार्टिशन ३० जीबी पुरते असे पूर्वी सांगितले जाई, आज मी ते सांगणार नाही. फ्लॅटपॅक या सोयीने घेतलेले प्रोग्रॅम तिथेच साठतात, टाइमशिफ्ट हा प्रोग्रॅम सिस्टिमच्या ज्या प्रती काढतो त्याही सुरुवातीला तिथेच जातात, आणि ते भरून वाहिले की संगणक लॉगिनलाच अडतो. ‘होम’ वेगळे ठेवल्यामुळे पुढे मिंटची नवी आवृत्ती कोरी टाकायची झाल्यास फक्त मूळ पार्टिशन फॉरमॅट करता येते. स्वॅपसाठी, म्हणजे रॅम अपुरी पडल्यावर डिस्कवर वापरल्या जाणाऱ्या जागेसाठी, वेगळे पार्टिशन नको. रॅम ८ जीबी असेल तर ४ जीबीची स्वॅप फाइल पुरे. संगणक हायबरनेट करायचाच असेल तर मात्र स्वॅप रॅमएवढी हवी. फाइल सिस्टिम ईएक्सटी४ घ्या. ती २००८ सालापासून स्थिर म्हणून वापरात आहे, वीज गेल्यावर सावरते आणि बिघडली तर दुरुस्तीची साधने तयार आहेत. झेडएफएस, बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमचे गुण मला मान्य आहेत, पण दुकानाच्या एकुलत्या एका संगणकावर, पहिल्याच वर्षी, ती शिकण्याची वेळ नव्हे.

‘होम’ एसएसडीवरच असू द्या. जागा वाचवण्यासाठी ते जुन्या हार्ड डिस्कवर नेले तर ब्राउझरपासून सगळेच मंदावते. एनटीएफएसवर तर ते कधीच ठेवू नका, कारण लिनक्सला लागणाऱ्या फाइलींच्या परवानग्या तिथे नीट राहत नाहीत.

१ टीबीच्या हार्ड डिस्कचे काम दोन टप्प्यांत करावे असे माझे ठाम मत आहे. पहिले दीड-दोन महिने डी आणि ई जसे आहेत तसे, एनटीएफएसमध्येच राहू द्या. लिनक्स एनटीएफएस वाचते आणि लिहितेही, २०२१ साली आलेल्या ५.१५ कर्नेलपासून (कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा) त्यासाठी खुद्द कर्नेलमध्ये नवा ड्रायव्हर आहे. या काळात तुमचे नेहमीचे काम लिनक्सवर खरोखर चालते की नाही ते कळेल, आणि न जमल्यास जुनी एसएसडी जोडून त्याच डेटावर परत जाता येईल. मात्र ही व्यवस्था कायमची करू नका. एनटीएफएस बिघडली तर तिची खरी दुरुस्ती विंडोजच्या चेकडिस्कनेच होते. लिनक्समधले साधन जुजबी डागडुजी करते, आणि विंडोज सोडलेल्या माणसाला त्या दिवशी विंडोज शोधत फिरावे लागते.

डिस्क रोज आपोआप जोडली जावी यासाठी ‘एफएसटॅब’ या फाइलमध्ये तिची नोंद करावी लागते. ती नोंद एसडीबी अशा नावाने न करता यूयूआयडीने, म्हणजे त्या पार्टिशनच्या स्वतःच्या ओळखक्रमांकाने, करावी, म्हणजे नावे बदलली तरी फरक पडत नाही, आणि तिच्यासोबत ‘नोफेल’ हा शब्द अवश्य लिहावा. तो नसेल तर ती हार्ड डिस्क ज्या दिवशी मरेल त्या दिवशी एसएसडीवरचे धडधाकट लिनक्सही सुरू होणार नाही. ते दीड मिनिट वाट पाहील आणि मग काळ्या पडद्यावर आणीबाणीच्या अवस्थेत थांबेल. सौदे सुरू व्हायच्या वेळेला हे घडणे किती महागात पडते ते तुम्हाला सांगायला नको.

दुसऱ्या टप्प्यात सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर काढून हार्ड डिस्क ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट करायची आणि डेटा परत आणायचा. एनटीएफएसचे जागच्या जागी ईएक्सटी४ करण्याचा भरवशाचा मार्ग नाही. नक्कल करावीच लागते. तुमच्याकडे समजा ७०० जीबी डेटा असेल, तर ५०० जीबीची बाहेरची डिस्क इथे पुरणार नाही, २ टीबीची घ्या. यूएसबी ३ वर ताशी साधारण ३५० जीबी या वेगाने मोठ्या फाइली दोन तासांत जातात. तीच डिस्क चुकून जुन्या यूएसबी २ च्या खाचेत लावली तर सहा-सात तास लागतात. लहान फाइली लाखांत असतील तर वेळ याहून वाढतो. यूपीएस नसेल तर हे काम हाती घेऊ नका. नक्कल झाल्यावर फाइलींची संख्या जुळली म्हणून समाधान मानू नये. ‘आरसिंक’ हा नक्कल करणारा प्रोग्रॅम चेकसमच्या (मजकुरावरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याच्या) पर्यायासह पुन्हा चालवून प्रत्येक फाइलचा मजकूर ताडून पाहावा, आणि मगच मूळ डिस्क पुसावी.

याच नकलेच्या वेळी मराठी लोकांना एक अडचण येते, आणि इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये ती सहसा सापडत नाही. एनटीएफएसमध्ये फाइलचे नाव २५५ चिन्हांपर्यंत चालते, तर ईएक्सटी४ मध्ये २५५ बाइटपर्यंत. रोमन अक्षराला एक बाइट लागतो. युनिकोडमधल्या देवनागरी चिन्हाला तीन लागतात, आणि काना, वेलांटी, अनुस्वार ही वेगळी चिन्हे मोजली जातात. ‘सांगली’ हा आपल्याला तीन अक्षरांचा दिसणारा शब्द सहा चिन्हांचा, म्हणजे १८ बाइटचा आहे. त्यामुळे संपूर्ण देवनागरीत लिहिलेले नाव ईएक्सटी४ वर ८५ चिन्हांच्या पुढे जाऊ शकत नाही. शासकीय परिपत्रकांच्या पीडीएफ, लग्नपत्रिका, बाजार समितीची पत्रे अशा फाइलींना लोक अख्खे वाक्य नाव म्हणून देतात, आणि नेमक्या त्या फाइली ‘नाव फार लांब आहे’ अशा अर्थाची सूचना देऊन मागे राहतात. हजारो ओळींच्या नोंदीत ती सूचना नजरेतून निसटते. म्हणून आरसिंकची नोंद एका फाइलमध्ये साठवा, शेवटी तीत चुका शोधा आणि ती नावे आखूड करून पुन्हा नक्कल करा.

फॉरमॅट करताना पुन्हा डी आणि ई असे दोन भाग पाडू नका. त्या विभागणीमुळे एक भाग भरतो आणि दुसऱ्यात जागा पडून राहते. लिनक्समध्ये एकच पार्टिशन आणि त्यात ‘दुकान’, ‘घर’, ‘फोटो’ अशी फोल्डरे ठेवावीत. ईएक्सटी४ सवयीने ५ टक्के जागा प्रशासकासाठी राखून ठेवते. १ टीबीच्या निव्वळ डेटाच्या डिस्कवर ती जवळजवळ ५० जीबी होते, आणि ‘ट्यूनटूएफएस’ या आज्ञेने १ टक्क्यावर आणता येते. सिस्टिमच्या पार्टिशनवर मात्र ती तशीच असू द्या. नव्याने फॉरमॅट केलेल्या डिस्कची मालकी सुरुवातीला प्रशासकाकडे असते, म्हणून पहिल्या दिवशी तुम्हाला तिच्यावर काहीच लिहिता येणार नाही. फोल्डरची मालकी आपल्या नावावर केली की प्रश्न सुटतो.

हे सगळे करण्याआधी त्या हार्ड डिस्कची तब्येत पाहा. ‘डिस्क्स’ प्रोग्रॅममध्ये स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवत असलेल्या तब्येतीच्या नोंदींची, माहिती उघडली की रीअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेल्या जागा) आणि करंट पेंडिंग सेक्टर (वाचता न आलेल्या संशयित जागा) असे दोन आकडे दिसतात. दोन्ही शून्य असावेत. पेंडिंगचा आकडा शून्याच्या वर असेल तर ती डिस्क फॉरमॅट करून पुन्हा वापरू नका. डेटा उतरवून तिला निवृत्त करा.

टॅलीचे म्हणाल तर तिची लिनक्सवर थेट चालणारी आवृत्ती नाही. दोन मार्ग आहेत. पहिला, जुनी एसएसडी संगणकातच जोडून ठेवायची आणि टॅलीपुरते विंडोजमध्ये जायचे. दुसरा, लिनक्सच्या आत व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) परवान्यासह विंडोज चालवायचे. दुसरा मार्ग घेतल्यास एसएसडीवर त्यासाठी ६० ते ८० जीबी जागा गृहीत धरा, रॅम १६ जीबी करा आणि त्याची आभासी डिस्क हार्ड डिस्कवर ठेवू नका. टॅलीचा रोजचा बॅकअप त्या आभासी डिस्कच्या बाहेर, सामायिक फोल्डरमध्ये निघाला पाहिजे, कारण आभासी डिस्क ही अखेर एकच अवाढव्य फाइल आहे आणि ती बिघडली की आतले सगळे एकदम जाते. तुमच्यासाठी मी पहिले आर्थिक वर्ष संपेपर्यंत पहिला मार्ग सुचवेन, मात्र त्या विंडोजला इंटरनेट देऊ नका, जीएसटीचे पोर्टल लिनक्सच्या ब्राउझरमधूनच उघडा. एक सावधगिरी बाळगा. विंडोजला ईएक्सटी४ वाचता येत नाही, आणि काही वेळा, विशेषतः बाहेरच्या डिस्कच्या बाबतीत, ते ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ असे विचारते. तिथे ‘रद्द’ हेच उत्तर द्यायचे, आणि हे दुकानातल्या प्रत्येकाला आधी सांगून ठेवायचे. दोन्हीकडे फाइली न्यायच्या असतील तर त्यापुरता एक पेनड्राइव्ह एक्सफॅट या दोन्हींना वाचता येणाऱ्या फाइल सिस्टिममध्ये ठेवा. एक्सफॅटमध्ये वीज गेल्यावर सावरण्याची सोय नाही, म्हणून तिच्यावर एकुलती प्रत कधीही ठेवू नका.

राहिला बॅकअप. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. गावभागातल्या माझ्या एका ग्राहकाकडे बॅकअपची शिस्त चांगली होती, दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर प्रत निघत असे. ती डिस्क संगणकाच्याच टेबलाच्या खणात असे. पाणी ओसरल्यावर दोन्ही एकाच चिखलातून काढल्या. तुम्हाला लागणाऱ्या तीन प्रतींपैकी एक संगणकात, दुसरी जुन्या ५०० जीबीच्या डिस्कवर किंवा नव्या २ टीबीच्या डिस्कवर दुकानात, आणि तिसरी विश्रामबागेच्या किंवा मिरजेच्या नातेवाइकांकडे, पाणी न चढणाऱ्या मजल्यावर असावी. दुसरी आणि तिसरी डिस्क दर महिन्याला अदलाबदल करा. या दोन्ही डिस्क ईएक्सटी४ मध्ये ठेवा, आणि दोन्हींवर पासवर्ड लावून एन्क्रिप्शन करा, कारण आळीपाळीने त्या तुमच्या नजरेआड राहणार आहेत. तो पासवर्ड डिस्कसोबत ठेवू नका, घरातल्या दुसऱ्या एका माणसाला मात्र तो ठाऊक असू द्या.

३१ मार्चचा हिशेब लिनक्सवरून सुरळीत पार पडला आणि विंडोजकडे वळून पाहण्याची गरज उरली नाही, तर जुनी एसएसडी बाहेर काढून तिच्यावर तारीख लिहून ठेवा. तिला कायमचे कोठार समजू नका. वीज न मिळालेली एसएसडी वर्षानुवर्षे डेटा धरून ठेवेल याची शाश्वती नसते. त्यामुळे तिच्यावरचे जे हवे ते त्याआधीच हार्ड डिस्कवर आणि दोन्ही प्रतींमध्ये आलेले आहे, हे एकेक फोल्डर उघडून पाहा.